ताणामुळे आरए (ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवात) होतो का? की झाल्यावर आपण मागे वळून ताण शोधतो?

चाफा_डोंबिवली
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय ३४, फोर्टला बँकेत नोकरी, रोजचं डोंबिवली ते सीएसएमटी. गेल्या वर्षी बाबा गेले. त्याच सुमारास आमची जुनी चाळ पुनर्विकासाला गेली, बिल्डरने भाडं थकवलं आणि वारसाच्या कागदांपासून सोसायटीच्या मीटिंगांपर्यंत सगळं हिच्याच गळ्यात पडलं. दिवाळीच्या आसपास हाताची बोटं सुजायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. चहाचं पातेलं सांडशीने धरवत नाही, म्हणून फडकं घेऊन दोन्ही तळव्यांत दाबून उतरवते.

तपासण्या झाल्या. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आरए ओळखायच्या रक्ततपासण्या, दोन्ही पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सोबत फॉलिक ॲसिड सुरू केलंय.

माझा प्रश्न वेगळा आहे. घरी येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, "फार टेन्शन घेतलंस गं, म्हणून झालं." ऐकून ऐकून आता तिच्याही मनाने घेतलंय की हे दुखणं तिनेच ओढवून घेतलं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे, ताणाने आलंय तर ताण गेला की जाईल, मग गोळ्या कशाला? ध्यानाच्या शिबिरात नाव घातलंय आणि गोळी बंद करायचं म्हणते आहे.

खरंच काही संबंध आहे का? असला तर कितपत? आणि तिला काय सांगू?

श्री_ठाणे
बाकी चर्चा होत राहील, आधी एकच. गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू देऊ नका. शिबिराला जाऊ दे, गोळी घेऊन जाऊ दे.

लालबागची_लेक
संबंध आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय.

माझे आईवडील दोघंही गिरणीत. वडील साच्यावर, आई वाइंडिंगला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणून जो तो थांबला. मिटला नाही. वडील दिवसभर नाक्यावर बसून राहायचे, घरात बोलणं बंद. आईने भाकरीचे डबे सुरू केले. पहाटे चारला स्टोव्ह पेटायचा. वाण्याची उधारी, धाकट्याची फी, गावाकडून धान्य येतंय की नाही, सगळा हिशेब तिच्या डोक्यात. कधी ओरडली नाही, रडलीही नाही.

वर्षभरात तिची मनगटं सुजली. बोटं सरळ होत नसत, म्हणून भाकरी बोटांनी न थापता मनगटाजवळच्या तळव्याने दाबायची. त्यामुळे तिच्या भाकरीच्या मधोमध खोलगट गोल पडायचा आणि तिथेच ती आधी करपायची. डबेवाल्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली, तेव्हा घरात कळलं की हिचे हात गेलेत. तोवर कुणाचं लक्षच नव्हतं. पुढे परळच्या सरकारी दवाखान्यात 'संधिवात' असं नाव कळलं, पण बोटं तोवर वाकडी झाली होती.

चाफाताई, तुमच्या बहिणीची गोष्ट वाचली आणि आईच आठवली. त्या ताणाने माझ्या आईचे हात खाल्ले हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही.

पॅथॉलॉजी_परळ
मी संधिवाततज्ज्ञ नाही, पॅथॉलॉजिस्ट आहे. हे रिपोर्ट रोज हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

आरए म्हणजे ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षणव्यवस्था सांध्याच्या आतल्या अस्तरावरच हल्ला करते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड कुरतडतं. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा. आरए तिशी-चाळिशीतही होतो, बायकांना पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त.

आता कारणं. एकच कारण नसतं. काही जणांत जन्मतःच एचएलए-डीआरबी१ या जनुकाची विशिष्ट रूपं असतात, त्यांचा धोका वाढतो. धूम्रपानाने वाढतो, हे भक्कमपणे सिद्ध आहे. हिरड्यांच्या जुनाट आजाराशीही संबंध दिसतो. आणि चाफाताई, तुमच्या बहिणीसाठी सगळ्यात महत्त्वाचं हे: अँटी-सीसीपी सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतं. रक्तपेढ्यांत साठवून ठेवलेले जुने नमुने तपासून हे पाहिलं गेलंय. म्हणजे तुमचे बाबा हिंडते-फिरते होते, चाळ जागेवर होती, तेव्हाही हिच्या रक्तात ही प्रक्रिया सुरू झालेली असू शकते. ती कुठल्याही टेन्शनने 'ओढवून' घेतलेली नाही. गेल्या वर्षाच्या ताणाने शेवटचा धक्का दिला असेल, तो नसता तर कदाचित दुसऱ्या कशाने तरी बसला असता.

लालबागताई, तुमच्या आईबद्दल वाचून गलबलून आलं. एक विचारू का? वाइंडिंग खात्यात किती वर्षं होत्या त्या? मलेशियात बायकांवर एक अभ्यास झालाय. ज्यांचा कामात कापडाच्या धुळीशी संबंध आला होता त्यांच्यात आरएचं प्रमाण जवळजवळ तिप्पट दिसलं.

लालबागची_लेक
लग्नाआधीपासून होती वाइंडिंगला. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत, भुवयांवर कापसाचं तूस असायचं. आम्ही पोरं ते वेचायचो.

धुळीचं हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. असेल तसंही. पण मग संप झाल्यावरच का? धूळ तर तोवर बंद झाली होती.

पॅथॉलॉजी_परळ
धूळ वर्षानुवर्षं आत काम करत राहिली असेल आणि संपाच्या वर्षी उपासमार, अपुरी झोप आणि काळजी त्यात येऊन पडली असेल. एका माणसाच्या बाबतीत कुठल्या कारणाचा वाटा किती, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तुमचं म्हणणं मी खोडत नाहीये. त्याच्या शेजारी आणखी एक कारण ठेवतेय.

विरार_फास्ट
मला हे ताणाचं प्रकरण पटत नाही. ताणाने सांधे सुजत असते तर सकाळची ७:५० पकडणारी अख्खी विरार लोकल सुजून बसली असती. मुंबईत ताण कुणाला नाही? डॉक्टरांना कारण सापडलं नाही की ते 'स्ट्रेस' म्हणतात. माझ्या वहिनीला पित्तापासून केस गळण्यापर्यंत सगळ्यावर हेच ऐकवलंय.

आकडेमोड
विरारदादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. आकडे देतो म्हणजे दुसरं अर्धं दिसेल.

२०१८ साली 'जामा' या अमेरिकन नियतकालिकात स्वीडनचा एक मोठा अभ्यास आला. तिथे प्रत्येक नागरिकाच्या वैद्यकीय नोंदी राहतात. तीव्र ताणामुळे झालेल्या मानसिक विकाराचं निदान झालेले १ लाख ६ हजारांहून जास्त लोक घेतले आणि त्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी आणि इतर लोकांशी केली. नंतरच्या वर्षांत ४१ प्रकारचे ऑटोइम्यून आजार (संरक्षणव्यवस्था आपल्याच शरीरावर उलटते असे, आरएसारखे) कुणाला झाले ते मोजलं. ताणविकार असलेल्यांत दर हजारी वर्षाला ९.१. भावंडांत ६.५. इतरांत ६.

यातून दोन गोष्टी दिसतात. फरक खरा आहे आणि भावंडांशी तुलना करूनही टिकतो, म्हणजे सगळंच जनुकांवर किंवा घरच्या वातावरणावर ढकलता येत नाही. दुसरं, इतका मोठा मानसिक आघात सोसूनही एका वर्षात हजारातल्या नऊशे नव्वद जणांना काहीच झालं नाही. त्यामुळे विरार लोकल सुजत नाही.

आणि हा ऑफिसच्या कटकटीचा ताण नव्हे. अपघात, हिंसा, जवळच्या माणसाचा मृत्यू यांनी माणूस इतका खचला की डॉक्टरकडे जाऊन निदान झालं, असा ताण. त्याच अभ्यासात असंही दिसलं की आघातोत्तर ताणविकार असलेल्यांपैकी ज्यांनी पहिल्या वर्षी नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं नियमित घेतली, त्यांच्यात हा वाढीव धोका कमी होता. अशा निरीक्षणावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण मनाचा उपचार म्हणजे चैन नव्हे एवढं तरी म्हणता येतं.

विरार_फास्ट
भावंडांशी तुलना ही चांगली युक्ती आहे. ठीक, थोडा सरकलो. पण 'तू विचार करतेस म्हणून झालं' हे वाक्य तरीही चुकीचंच.

आकडेमोड
शंभर टक्के चुकीचं.

कर्जत_लोकल
एक शंका आहे, बऱ्याच वर्षांपासूनची. ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं असं वाचलंय. आणि संधिवातात सूज उतरवायला देतात ते स्टिरॉइड कॉर्टिसॉलच्याच घरातलं. मग ताणात दुखणं उलट कमी व्हायला हवं ना?

पॅथॉलॉजी_परळ
फार चांगली शंका. याचं उत्तर थोडं लांबेल.

सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आरएने आखडलेल्या एका २९ वर्षांच्या रुग्ण बाईला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच घरातलं स्टिरॉइड, टोचलं. तिला बिछान्यात कूस बदलणं मुश्कील होतं. थोड्याच दिवसांत ती चालायला लागली, खरेदीला बाहेर पडली. १९५०चं नोबेल हेंच आणि याच संप्रेरकांवर काम करणारे केंडाल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. हेंच यांना ही कल्पना सुचली कशी, तर गरोदरपणात आणि काविळीत आरएच्या रुग्णांचं दुखणं कमी होतं हे त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. शरीरच काहीतरी तयार करतंय असा त्यांचा कयास होता.

आता तुमचा मुद्दा. अचानक आलेल्या मोठ्या संकटात काही रुग्णांचं दुखणं थोडे दिवस खरंच दबलेलं आढळलंय. "आई गेली त्या आठवड्यात मला काहीच दुखलं नाही, तेराव्यानंतर सगळं उसळलं" असं सांगणारे असतात, ते खोटं बोलत नाहीत. पण ताण महिनोन्महिने चालू राहिला की पेशी कॉर्टिसॉलचं ऐकेनाशा होतात. हाक मारणारा रोज ओरडत असेल तर घरातले लक्ष देत नाहीत, तसं. शिवाय आरएच्या रुग्णांत सूज जेवढी असते तेवढ्या प्रमाणात कॉर्टिसॉल वाढतच नाही, कमीच पडतं. सूज वाढवणारं आयएल-६ हे द्रव्य पहाटे सर्वाधिक असतं. सकाळी मूठ न वळण्यामागचं एक कारण ते आहे. रात्रीची झोप मोडली की दुसऱ्या दिवशी दुखणं अंगावर येतं, हे तर प्रत्येक रुग्ण सांगेल.

म्हणून मी 'ताणाने आजार होतो का' यापेक्षा 'झालेला आजार ताणाने भडकतो का' या प्रश्नाला जास्त ठाम उत्तर देईन. हो, बऱ्याच जणांत भडकतो. विशेषतः रोजची किरकिर, घरातले न मिटणारे वाद.

मुलुंडची_माई
घरातले वाद यावरून सांगते. मला बारा-तेरा वर्षं झाली आरएला. डॉक्टरांनी समोरच बसलेल्या आमच्या यांना सांगितलं, "यांना घरात ताण देऊ नका." बाहेर पडल्यावर हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मग मी माहेरी जाऊन राहू का?" रिक्षात बसेपर्यंत दोघं हसत होतो. तेव्हापासून भांडण वाढायला लागलं की कुणीतरी एक म्हणतं, "बॅग भरू का?" आणि तिथेच विषय संपतो.

चाफा, बहिणीला सांग, गोळी लागू पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात काहीच फरक पडत नाही म्हणून बऱ्याच जणी सोडून देतात.

निसर्गोपचार_नवी_मुंबई
आपल्याकडे हे सगळं आधीच सांगितलेलं आहे. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताचं, म्हणजे अशाच सांधेदुखीचं, स्वतंत्र वर्णन आहे. विरुद्ध आहार, मंद अग्नी, बैठं जीवन. मन आणि अग्नी यांचा संबंध आयुर्वेद मानतोच. ताईंची बहीण स्वतःहून ध्यानाकडे वळते आहे तर तिला का अडवता? मेथोट्रेक्सेट हे मुळात कर्करोगाचं औषध. यकृताची वाट लावतं.

पॅथॉलॉजी_परळ
ध्यानाला इथे कुणीच अडवलेलं नाही. गोळी सोडण्याला अडवतोय.

मेथोट्रेक्सेट कर्करोगात देतात ते कितीतरी मोठ्या डोसमध्ये. आरएमध्ये आठवड्याला काही मिलिग्रॅम देतात. यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच ठरावीक अंतराने एलएफटी (यकृताची तपासणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगतात आणि दारू बंद करायला लावतात. उपचार न करता बसलं तर काय होतं तेही सांगा ना. हाडाची झीज बऱ्याचदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झिजलेलं हाड परत येत नाही. लालबागताईंनी आईच्या हातांबद्दल लिहिलंय, ते परत एकदा वाचा.

घाटकोपर_पूर्व
पुड्यांबद्दल लिहायलाच हवं. माझ्या काकूंनी गोळ्या बंद करून एका 'वैद्यां'कडून काळसर पुड्या सुरू केल्या. आठ दिवसांत ठणठणीत! अख्ख्या बिल्डिंगला पत्ता वाटला. पुढे चेहरा गोल झाला, साखर वाढली, पाठीचा मणका दबला. मोठ्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की पुडीत स्टिरॉइड असणार. काकूंनी घाबरून पुड्या एकदम थांबवल्या, तर चक्कर येऊन पडल्या. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड असं एका झटक्यात सोडायचं नसतं, हे तेव्हा कळलं. खरे वैद्य असं करत नाहीत हे मला माहीत आहे. पण लेबल नसलेली पुडी कुणाचीही असो, घेऊ नका.

निसर्गोपचार_नवी_मुंबई
लेबल नसलेल्या पुडीला माझाही विरोधच आहे. यावर आपलं एकमत.

गोरेगावकर_नितीन
पुरुषांचंही लिहितो. मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा संधिवात आहे, त्याच्याशी संबंधित एचएलए-बी२७ हे जनुक पॉझिटिव्ह. कंबर आणि पाठ. चोविसाव्या वर्षी सुरू झालं. विश्रांती घेतली की वाढतं आणि हालचालीने मोकळं होतं, म्हणून कुणाचा विश्वासच बसत नसे. "रात्री तीनला उठून हॉलमध्ये फेऱ्या मारतो, टेन्शन आहे त्याला" असं आईने सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. टेन्शन नव्हतं, पाठ आखडायची. 'टेन्शन' या एका शब्दामुळे निदानाला काही वर्षं उशीर झाला. चाफाताई, तुमच्या बहिणीचं निदान काही महिन्यांत झालं ही फार मोठी जमेची बाजू आहे.

साठे_चाळ
थोडं अवांतर. मला चिकनगुनियानंतर सात महिने घोटे आणि बोटं दुखतायत. हे आरए आहे का?

पॅथॉलॉजी_परळ
चिकनगुनियानंतर काही जणांचे सांधे महिनोन्महिने दुखतात आणि दिसायला अगदी आरएसारखंच दिसतं. अँटी-सीसीपी करून घ्या आणि संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पालिकेच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयांत संधिवाताची ओपीडी आहे का, कुठल्या वारी असते, ते आधी विचारून जा. रांग मोठी असते, केसपेपरसाठी लवकर पोहोचा.

दादर_ब्रिज
अवांतर सुरूच आहे तर माझंही. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या संधिवाताच्या बाईला लोकलमध्ये जे ऐकावं लागतं त्याचा ताण कुणी मोजलाय का? गर्दीत वरची कडी धरायला बोटं वळत नाहीत, म्हणून मी कोपर अडकवून उभी राहते. चौथ्या सीटसाठी विनंती केली तर "तरुण तर आहेस" असं ऐकवतात. दादरचा पूल चढताना मी कठड्याला धरून एकेक पायरी चढते आणि मागचे ढकलतात. दिव्यांग डब्यात चढले तर तिथेही "तुला काय झालंय?" हाच प्रश्न.

गोरेगावकर_नितीन
सांध्यांची हालचाल कायमची कमी झाली असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली चलनवलनाच्या दिव्यांगत्वाचं मूल्यमापन होतं. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. माझं झालंय. कार्ड दाखवलं की प्रश्न थांबतात. निदान मोठ्याने तरी विचारत नाहीत.

दादर_ब्रिज
थँक्यू नितीनदादा. हे माहीत नव्हतं. आजच बघते.

समुपदेशक_माहीम
उशिरा आले धाग्यावर. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण "तिला काय सांगू" हा भाग मागे पडलाय.

मी दीर्घ आजाराच्या रुग्णांबरोबर काम करते. उलट दिशेने होणारा परिणाम इथे कुणी लिहिला नाही. आरए असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. सतत दुखणं हे एक कारण, पण सूज वाढवणारी जी द्रव्यं वर आली आहेत, ती मेंदूवरही परिणाम करतात. थकवा, उदासी, कशात रस नसणं हे आजाराचंच लक्षण असू शकतं. आणि सांधे दिसण्याइतके सुजण्याच्या आधीपासून ते सुरू झालेलं असू शकतं. म्हणजे 'आधी उदास होती, मग आजार झाला' असं घरच्यांना दिसतं, तेव्हा कधी कधी ती उदासीच आजाराची सुरुवात असते.

दुसरं, आपण सगळे आजार झाल्यावर मागे वळून कारण शोधतो. गेल्या दोन वर्षांत काही वाईट घडलंच नाही असं घर मला दाखवा. कारण सापडलं की नातेवाइकांना बरं वाटतं, कारण मग हे आपल्या घरी होणार नाही अशी खात्री वाटते. किंमत मात्र रुग्ण चुकवतो.

मग ताण कमी करण्याचा उपयोग काय? उपयोग आहे, औषधाच्या जोडीला. १९९९मध्ये 'जामा'मध्येच एक छोटा प्रयोग आला होता. दमा आणि आरए असलेल्या काही रुग्णांना सलग तीन दिवस रोज वीस मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. बाकीच्यांना साध्या दिनक्रमाच्या योजनांबद्दल. चार महिन्यांनी पहिल्या गटातल्या आरएच्या रुग्णांत आजाराची तीव्रता डॉक्टरांच्या तपासणीतही कमी भरली. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, म्हणून मी याला इलाज म्हणत नाही. पण वही आणि पेनाला खर्च येत नाही. विचार-वर्तन उपचारपद्धती, हलका नियमित व्यायाम आणि झोप यांनी दुखणं सोसायची ताकद वाढते, हे मी रोज बघते. २०१६मध्ये तर व्हेगस या मज्जातंतूला विजेचा सौम्य झटका देऊन आरएची सूज उतरते का यावर प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि थोड्या रुग्णांत का होईना, उतरली. मेंदू आणि सांधे यांच्यात प्रत्यक्ष तार आहे, ती कवितेतली नाही.

चाफा, तिला बाबांबद्दल बोलू द्या. तुमच्या पोस्टमध्ये बाबा एका वाक्यात गेले आणि लगेच बिल्डरचं भाडं आलं. तिच्याही बाबतीत तसंच झालं असणार, शोक करायला वेळच मिळाला नसणार. ते बोलणं आजार बरा करण्यासाठी नाही, बाबांसाठी व्हायला हवं. बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनवरची मानसिक आरोग्य सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि सोसायटीच्या मीटिंगा तिच्याकडून काढून घ्या. तुम्ही जा.

लालबागची_लेक
समुपदेशकताई, 'बाबांसाठी व्हायला हवं' हे वाचून थांबले. आईला कुणी विचारलंच नाही, संपात तुला काय वाटत होतं. ती आता ७८ची आहे. जमेल तसं विचारणार आहे.

चाफा_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस लिहिता आलं नाही, धागा मात्र वाचत होते.

बहिणीला पॅथॉलॉजीताईंची पहिली पोस्ट फोनवरच वाचायला दिली. 'कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतं' या ओळीवर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे बाबांच्या आजारपणात मी रडले नसते तरी झालं असतं?" मी म्हटलं, असतंही. मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर बाबांचं बोलायला लागली. आयसीयूबाहेरच्या बाकावरच्या रात्रींबद्दल, जे तिने मला आजवर सांगितलं नव्हतं.

काल डॉक्टरांकडे मीही गेले होते. गोळी सोडायचं म्हणत होती, हे तिने स्वतःच सांगितलं. ते रागावले नाहीत. ध्यान करा, शिबिराला जा, गोळी चालू ठेवा म्हणाले. पुढे मूल हवं असेल तर आधी सांगा, हे औषध गरोदरपणात चालत नाही, काही महिने आधी थांबवून दुसरं द्यावं लागतं, असंही सांगितलं. हा प्रश्न तिच्या मनात होता आणि मनातल्या मनात तिने 'मेथोट्रेक्सेट म्हणजे आता मूल नाही' असं ठरवून टाकलं होतं. गोळी सोडण्यामागे ध्यानापेक्षा हे जास्त होतं असं मला आता वाटतं. रविवारच्या सोसायटी मीटिंगला मी जाणार आहे.

एक विचारायचं राहिलं. गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी तिला मळमळतं. तुम्ही कुठल्या वारी घेता?

मुलुंडची_माई
शनिवारी रात्री, जेवण झाल्यावर. मळमळ झालीच तर रविवारी झोपून काढता येते. कॅलेंडरवर शनिवारांना लाल पेनाने गोल करून ठेव. चुकून रोज घेतली तर फार धोक्याचं, जिवावर बेततं. फॉलिक ॲसिड कुठल्या दिवशी ते डॉक्टरांनी सांगितलं असेल, नसेल तर विचारून घे. तरीही मळमळ थांबली नाही तर त्यांना सांग, याचं इंजेक्शनही मिळतं, मला त्यानेच फरक पडला.

श्री_ठाणे
आणि सोसायटीच्या मीटिंगला जाताना थकलेल्या भाड्याच्या पावत्या आणि कराराची प्रत घेऊन जा. इतर भाडेकरूंच्या सह्यांचं एकत्र पत्र करा. आमच्याकडे एकेकट्याच्या पत्राला उत्तर येत नव्हतं, एकत्र गेलो तेव्हा आलं.

चाफा_डोंबिवली
शनिवार ठरला. श्रीदादा, पत्राचा नमुना असेल तर पाठवाल का?